सहा मिनिटांत भरलेला दिवस

ती केस माझ्या डोक्यात अजून होती तशी आहे, आणि ती तिथून काढायचा माझा काही विचार नाही.

रिटायर्ड पोलीस म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा आणि आरामखुर्ची दिसते. माझं वय सत्तेचाळीस आणि मला मिशा नाहीत. न्यू जर्सीत पंचवीस वर्षं नोकरी झाली की पेन्शन घेऊन घरी जाता येतं, तसा मी आलो. शाळा मात्र आपल्याकडची, वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, नववीपर्यंत. तिथे मी एकच विषय नीट शिकलो, सगळ्या मास्तरांचे आवाज काढणं. पुढे पोलिसात त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा बीजगणिताचा झाला नाही.

नावं कोणाचीच सांगणार नाही. देशी दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडपासून गाडीने दहा मिनिटांवरचं एक टाउनशिप, एवढं पुरे. आमच्या डिटेक्टिव्ह ब्युरोत आम्ही चौघं आणि वर एक लेफ्टनंट. रिपोर्ट सगळे कॉम्प्युटरवर. घटना कुठली ते यादीतून निवडायचं, समोरचा माणूस रडत होता की चिडला होता तेसुद्धा यादीतून. मला हे जमलं नाही. खरं सांगायचं तर मी जमवून घेतलंच नाही. शर्टाच्या खिशात छोटी वही ठेवायचो, आधी तिच्यात पेनाने लिहायचो आणि मग नाइलाज म्हणून टाइप करायचो. लेफ्टनंट नाकातून बोलायचा. एकदा सगळ्यांसमोर विचारलं, डिटेक्टिव्ह, हे म्युझियम आहे का? मी त्याच्याच नाकातून म्हटलं, नाही सर, म्युझियमला तिकीट लागतं. हसला बिचारा, पण त्या वर्षी माझी सुट्टी दोनदा कॅन्सल झाली.

एका बुधवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. दीड वर्षाची मुलगी, आदल्या संध्याकाळी आईवडिलांनी इमर्जन्सीत आणली होती. हलवलं तरी डोळे उघडत नव्हती. अ‍ॅलर्जीचं सिरप ठरल्यापेक्षा जास्त पोटात गेलंय, असं डॉक्टरांचं म्हणणं. मुलगी आता ठीक होती, बसून केळं खात होती, पण असं काही दिसलं की हॉस्पिटलला कळवावंच लागतं. आईवडील दोघंही आयटीतले, पुण्याचे, वर्क व्हिसावर. मुलीला दिवसभर सांभाळायला एक मराठी काकू यायच्या. आईने डॉक्टरांना सांगून टाकलं होतं की काकूंनी तिला झोपवायला दोनदा औषध पाजलं असणार.

पुरावाही होता. त्यांच्या किचनमध्ये एक टॅब ठेवलेला, त्यात बाळाचं अ‍ॅप. दूध, झोप, डायपर, औषध, सगळं काकूंनी त्यात टाकायचं आणि आईवडिलांनी आपापल्या फोनवर बघायचं. काकूंना एक गोष्ट माहीत नव्हती. एन्ट्री किती वाजताची आहे ते अ‍ॅप दाखवतं, तसंच ती कधी टाकली तेही आत लिहून ठेवतं. त्या दिवशीच्या अकरा एन्ट्र्या संध्याकाळी पाच वीस ते पाच सव्वीस, एवढ्यात पडल्या होत्या. त्यात औषधाची एकच, दुपारी बारा दहाची.

लेफ्टनंटने प्रिंट माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, बाईने अख्खा दिवस सहा मिनिटांत रचलाय. मलाही तसंच वाटलं, उगाच शहाणपणा कशाला सांगू. जो दिवसभर खोटं वागतो तो निघायच्या आधी हिशोब जुळवतो, हे मी पन्नास वेळा बघितलं होतं.

तोवर आईने आयांच्या, म्हणजे मुलांच्या मम्म्यांच्या, वॉट्सॅप ग्रुपवर मेसेज टाकला होता. काकूंचा फोटो, नाव, आणि खाली लिहिलं होतं, या बाईला घरात घेऊ नका. ग्रुपमध्ये चारशे आया. काकूंची मुलगी आमच्याच टाउनशिपमध्ये राहायची. तिच्या शेजारणीने तिलाच तो मेसेज पाठवून विचारलं होतं, ही तुझी मम्मी ना गं?

गुरुवारी सकाळी काकूंना मुलगीच स्टेशनवर घेऊन आली. साठीच्या, परभणीकडच्या, स्वेटरवर साडीचा पदर घट्ट खोचलेला. मुलीला बाहेर बसवलं. कॅमेरा चालू केला. सरकारी दुभाषी फोनवर घेतला, कारण मी मराठी असलो तरी माझं भाषांतर कोर्टात चालत नाही. हक्क वाचून दाखवले, त्यात गप्प बसायचाही हक्क आहे असं सांगितलं.

"गप्प बसायला आले नाही मी," काकू म्हणाल्या.

पण बोलल्या थोडंच. औषध एकदाच पाजलं, बारा वाजून दहा मिनिटांनी. सगळ्या एन्ट्र्या संध्याकाळी का, यावर म्हणाल्या, संध्याकाळीच भरते मी. का? तर पर्स मांडीवर ओढून घेतली. माझ्या प्रिंटवर संशयाची पहिली फुली तिथे पडली. दीड पानाचा जबाब टाइप केला, प्रिंट काढली, दुभाष्याने वाचून दाखवली. मी म्हटलं, काकू, इथे सही करा.

"नाही करणार."

मी म्हटलं, तुम्ही बोललात तेच आहे यात.

"मी बोलले त्याचं तुम्ही केलेलं आहे. मी म्हटलं औषध पाजलं. यात म्हटलंय, औषध दिल्याचं कबूल केलं. कबूल काय म्हणून करू? चोरी केली का? मला कागद द्या. माझ्या हातानं लिहिलेल्याखाली माझी सही होईल. दुसऱ्याच्या टाइपाखाली नाही."

बाहेर लेफ्टनंट उभाच होता. टाइप झालंय, सही घे, पुढे चल, म्हणाला. मी म्हटलं सही करायची नाही हा तिचा हक्क आहे. तो म्हणाला, नऊ पानं कोणत्या तरी लिपीत लिहील, वाचणार कोण? मी म्हटलं ट्रान्सलेटर वाचेल, त्याचा फॉर्म मी भरतो, आणि तोसुद्धा पेनाने भरतो. यावर तो नाकातून जे बोलला ते इथे छापता येणार नाही. शेवटी म्हणाला, तुझ्या जबाबदारीवर. म्हटलं, माझ्याच.

काकूंना पिवळं पॅड दिलं. माझं पेन त्यांनी बाजूला सरकवलं आणि पर्समधून स्वतःचं काढलं. माझं आयडी कार्ड मागून घेतलं, त्याच्या कडेने समास आखला. मग एक तास चाळीस मिनिटं मान वर केली नाही. मशीनचा चहा आणून दिला, तो बघितला आणि तिथेच राहू दिला. योगायोग बघा, पानं खरंच नऊच झाली.

मी वाचायला घेतली. अक्षर बोर्डावर लिहिल्यासारखं. ८.४० आले. ९.०५ दूध, अर्धी बाटली, उरलेलं टाकलं. १०.२० झोपली, ११.०५ उठली, डावा कान चोळत होती. असं पानामागून पान. आता माझ्या अनुभवात खऱ्या माणसाला मिनिटं आठवत नाहीत. तो म्हणतो दहाच्या सुमारास, जेवणाच्या आधी. मिनिटं पाठ असतात ती ठरवून आलेल्याला. म्हणून मी जरा आवाज चढवून विचारलं, काकू, ही मिनिटं कुठून आणली?

काकू पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या.

"सांगितलं तर अजून एक केस टाकाल."

मी म्हटलं, टाकायची ती एक आधीच टाकायला बसलोय, सांगा.

मग पर्समधून प्लास्टिकची पिशवी निघाली, पिशवीतून शंभर पानी वही. काकू तिकडे सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. पोरांची वजनं, खाऊ, हजेरी, लस, सगळं रजिस्टरला. शेवटी शेवटी सरकारने मोबाइल दिले, तेव्हा त्या दोन्ही भरायच्या. दिवसभर रजिस्टर, आणि सगळी पोरं घरी गेली की एका बोटाने मोबाइल. एका हातात पोर आणि दुसऱ्या हाताने कोण टाइप करणार? तीच सवय इथे आली. पण पहिल्याच आठवड्यात आईने वही बघितली आणि सांगितलं, काकू, हे वहीबिही नको, सगळं टॅबवर पाहिजे. काकूंनी वही बंद केली नाही. पर्समध्ये लपवली. घरात चोरून वही लिहिणं हा अमेरिकेत गुन्हा असेल, अशी त्यांना भीती होती. त्या सहा मिनिटांत त्या दिवस रचत नव्हत्या, वहीतून टॅबवर उतरवत होत्या.

त्या मंगळवारच्या पानावर बारा दहाचं औषध होतं. आणि खाली एक ओळ होती. "२.१५ बेसमेंटमध्ये कपड्यांच्या मशीनपाशी होते. वर आले तर औषधाचं माप सिंकमध्ये ओलं. मी १२.१० चं औषध पाजल्यावर धुऊन पुसून ठेवलं होतं."

काकूंना त्याचं विशेष वाटलं नव्हतं. अंगणवाडीची सवय, दिसलं ते लिहिलं. मला मात्र एवढंच पाहिजे होतं. आई दुपारी ऑफिसात होती. वडील घरून काम करायचे, वरच्या खोलीत.

वडिलांना दुपारी बोलावलं. तिशीतला माणूस, दोन दिवस झोपला नव्हता. तेच कागद, तेच हक्क. यांच्यासाठी मी सावकाश, गावच्या इतिहासाच्या सरांच्या आवाजात बोललो. त्या आवाजापुढे मी स्वतः कधी खोटं बोलू शकलो नव्हतो. मुलीचा दिवस कसा चाललाय ते तुम्हाला कसं कळतं, असं विचारलं.

"अ‍ॅप बघतो ना. दोन मीटिंगच्या मध्ये."

मंगळवारी बघितलं होतं?

"हो." फोन टेबलावर उलटा ठेवला. "बाकीच्या एन्ट्र्या उशिरा पडतात हे माहीत होतं, पण औषध तरी लगेच टाकतील असं धरून चाललो. ती एन्ट्री नव्हती."

मग काय केलंत?

मी पेन खाली ठेवलं. रडायला लागला तरी टिश्यूचा डबा सरकवला नाही, त्याने बोलणं तुटतं.

"मला वाटलं काकू विसरल्या. मीच दिलं. पुढचा कॉल चालू झाला आणि मी नोंद करायची विसरलो."

काकू कुठे होत्या?

"बेसमेंटमध्ये."

किती पायऱ्या आहेत?

"बारा."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी जास्त औषध म्हटल्याबरोबर त्याला सगळं कळलं होतं. पण बायकोने काकूंचं नाव घेतलं आणि हा गप्प राहिला. मुलीला काढून घेतील, व्हिसा जाईल, हे एवढं डोक्यात. भीती खरी होती, ते मी मान्य करतो. पण त्या भीतीचं ओझं उचलायला त्याने साठीची बाई निवडली होती.

सरकारी वकिलांनी अपघात म्हणून फाइल बंद केली. कोणावर गुन्हा नाही. निकाल सांगायला काकूंना बोलावलं तेव्हा मी त्यांनाही तोंडावर सांगितलं, बारा दहाला टॅबवर एन्ट्री पडली असती तर हे घडलंच नसतं.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "टॅब वेळच्या वेळी भरला नाही ही माझी चूक मी लिहिली आहे, नवव्या पानावर. त्यांची कुठे लिहिली आहे ते दाखवा."

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. रिपोर्टमध्ये यादीतून निवडलेला एक शब्द होता, अपघात.

नवरा-बायको लॉबीत माफी मागायला थांबले होते. ग्रुपवर लगेच मेसेज टाकतो, म्हणाले. काकूंनी सांगितलं, मेसेज तर टाकाच, पण मला हाताने लिहून पाहिजे, मराठीत, सही करून. मेसेज डिलीट करता येतो, एवढं मलाही कळतं. तो म्हणाला, काकू, मी दहावीनंतर हाताने मराठी लिहिलेलं नाही.

"आठवा मग. मी बसते."

लॉबीतल्या बाकावर बसून त्याने तीन कागद फाडले. चौथा काकूंनी वाचला आणि परत दिला. त्यात होतं, चुकून जास्त औषध दिलं गेलं. काकू म्हणाल्या, दिलं गेलं नको, कोणी दिलं ते लिहा. पाचव्या कागदावर अक्षर तिसरीतल्या पोरासारखं होतं, पण मजकूर सरळ होता. दुसऱ्यांदा औषध मी दिलं. काकूंना विचारलं नाही. नंतर गप्प बसलो. त्याचा फोटो बायकोने तिथेच उभं राहून चारशे आयांना पाठवला.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. टायपिंग वाईट आणि पेन चांगलं, असलं काही मी सांगणार नाही, हा मजकूर मीसुद्धा टाइपच करतोय. मी शिकलो ते एवढंच, की माणूस बारा पायऱ्यांवर असेल तर आधी त्याला विचारायचं, स्क्रीनला नंतर. आणि एखादा म्हणाला की माझं मी लिहितो, तर त्याला कागद द्यायचा, मग वरचा साहेब कितीही नाकातून बोलो. त्या हट्टापायी माझं एक प्रमोशन मागे पडलं. पडू दे.

काकू त्या घरी परत गेल्या नाहीत. दोघांनी खूप विनवलं, तरी नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या घरी लागल्या. तिथेही टॅब होता. पहिल्या दिवशी तिथल्या आईला काय सांगितलं ते त्यांनी मला आयसेलिनच्या देशी दुकानात भाजी घेताना ऐकवलं.

"म्हटलं, टॅब तुमचा, वही माझी, दोन्ही भरीन. औषध मात्र दिल्याबरोबर टॅबवर. आणि माझ्या वहीला नाही म्हणायचं असेल, तर आत्ताच म्हणा, मी पोराला उचलून घ्यायच्या आधी."