लाल नसलेला बुलबुल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि ह्यांचं माझ्यापासून काही लपत नाही, असं ती चारचौघांत सांगत असते. तुम्हाला का सांगतोय? माझं मलाच कळत नाही.

मी लातूरला कॉलेजात शिकवायचो. आता निवृत्त आहे. छंद एकच, टपाल तिकिटांचा — त्यातही छपाईत चुकलेल्या. एखादा रंग छापायचाच सुटलेला, चित्र सरकलेलं, कडेची भोकं वाकडी पडलेली. नांदेडपासून देवणीपर्यंत कुणाला असं काही सापडलं की माझ्याकडे आणतात. चूक छापखान्याची की कुणी घरी बसून केलेली, ते मी सांगायचं. माझा शब्द चालतो. आणि गंमत बघा — जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं पारखली, पण रंग सुटलेलं एकही तिकीट माझ्या नशिबी आलं नाही.

सलीमभाई उदगीरचे, बांगड्यांचे दुकानदार. माझ्याच नादानं तिकिटं जमवायला लागलेले. एका दुपारी घरी आले आणि पाणी प्यायच्या आधीच खिशातून कागदाची पुडी काढली. आत लालबुड्या बुलबुलाचं कोरं तिकीट होतं, पोस्टातून घेतलेलं. बुलबुलाचं बुड पांढरं होतं.

"सर, बघा की. लाल पडलाच न्हाई याला. खरं हाय का हो? नांदेडच्या प्रदर्शनात लावावं म्हणून राहिलो."

मी भिंग लावलं. अशा तिकिटावर एकेक रंग वेगळा चढतो; इथे लाल चढलाच नव्हता. उन्हानं उडाला असता तर शेजारची हिरवी पानंही फिकी पडली असती. ती ताजी होती. मागचा डिंकही जसाच्या तसा. तिकीट खरं होतं. मी भिंग खाली ठेवलं.

मी म्हणालो, "उन्हानं उडालाय रंग."

एवढंच. रागावले असते, वाद घातला असता, तर कदाचित मी... नाही, तेही खोटं. ते नुसते हसले. दुकानात संध्याकाळचं ऊन येतं खरं, असं स्वतःच म्हणाले. "तुमी म्हणलात म्हंजे संपलं, सर." माझ्या खोट्याला पुरावाही त्यांनीच दिला.

का केलं? जळलो, दुसरं काय! परवा परवा नादाला लागलेल्या माणसाला ते सापडावं आणि मला नाही? शिवाय मनात होतं — थोड्या दिवसांनी सहज मागून घेऊ. नासकं तिकीट कोण नाही म्हणेल?

मागावं लागलं नाही. महिन्याभरात त्यांच्या मुलीच्या निकाहची पत्रिका आली. सगळ्यांना मोबाइलवर, मला मात्र पोस्टानं. तिकिटांच्या माणसाला पत्रिका पोस्टानंच जावी, ही त्यांची हौस. पाकिटावर कोपऱ्यात तोच पांढऱ्या बुडाचा बुलबुल, अंगावर उदगीरचा काळा शिक्का. नासकं तिकीट निदान कामाला तरी यावं, म्हणून लावलेलं.

मला आधी आनंद झाला. हे सांगायलाच हवं. चुकलेलं तिकीट, तेही टपालात वापरलेलं, अख्ख्या पाकिटासकट! लाज नंतर आली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दैवानं त्यांना दिलं आणि नेलं मी.

लग्नाला गेलो. बिर्याणीही पोटभर खाल्ली. सलीमभाईंनी मला व्याह्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "या सरांमुळं नांदेडात माझी फजिती व्हायची वाचली." पुढे त्यांनी छंद सोडला. आपल्याला नजर नाही म्हणाले. बांगड्यांचे रंग ओळखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते सलीमभाई!

ते अजून आहेत. ईदला फोन करतात. दर वेळी वाटतं, आज बोलू — आणि मी तब्येत विचारतो. गेल्या ईदला म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नसते. लाल बांगडी आणि हिरवी बांगडी आता हाताला सारखीच लागते. आता सांगितलं तरी त्यांना काय दाखवू?

पाकीट माझ्या कपाटात आहे. कुणाला दाखवता येत नाही. पत्ता त्यांच्या हातचा आहे, आणि माझ्या नावाआधी त्यांनी 'आदरणीय' लिहिलं आहे.