रुमल्यादादांच्या भोपळ्यावर माझा टाका

मंडळी, दुपारपासून डोकं चालेनासं झालंय. तुम्हीच सांगा काय ते.

आमच्या मोलगीकडे होळीला कमरेला वाळलेले भोपळे बांधून नाचतात. शेजारच्या रुमल्यादादांचा तसला भोपळा मी शाळेत मुलांना दाखवायला मागून आणला होता. काल माझ्या हातून पडला आणि तडकला.

आज बाजारातून नवा, गुळगुळीत, एकही डाग नसलेला भोपळा आणला. फुटका आणि नवा, दोन्ही त्यांच्या ओट्यावर ठेवले. दादांनी नवा वाजवून पाहिला आणि माझ्याच हातात परत दिला. "हा तुला राहू दे, बाई."

तोवर वहिनींनी फुटका मांडीवर घेतलाही होता. दाभणाने भोकं पाडली, दोऱ्याने टाके घातले, वरून मेण थापलं. शेजारी जुने टाकेही होते. दादा त्यांवर बोट ठेवून सांगू लागले, "हा माझ्या बापाचा, नाचताना पडला तेव्हाचा. हा जावयाचा. आणि हा आता तुझा. होळीला सगळे विचारतील कोणी फोडला, मी तुझं नाव सांगेन."

दोघं पोट धरून हसले. मीही हसले, का ते कळलं नाही.

आईला फोन केला, तर म्हणते, "अवं येडी, मान दी ऱ्हायना तो तुले." म्हणजे तिच्या मते दादा मान देतायत. नवरा म्हणतो, टोमणा आहे.

नवा भोपळा समोर टेबलावर आहे. दिसतो सुंदर, पण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

होळीला माझं नाव निघेल तेव्हा मान खाली घालू, की पुढे होऊन नाचू?