दोर जाळला त्या दुपारी

आणि शेवटपर्यंत तुमी तेच म्हणत राहिले, आबा.

"तुहं वाटोळं तुह्या दोस्तायनं केलं."

नववीत शाळा मी सोडली. शिव्या मात्र त्यांनी खाल्ल्या.

माझे आजोबा परवा सकाळी अकोल्याच्या घरी वारले. मी इथं तिरुपूरला, बनियनच्या कंपनीत. गाडीनं पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं, म्हणून व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतलं. अर्ध्यातच नेट गेलं.

म्हणून आपलं भांडण इथं लिहून पूर्ण करतो.

आबा, तुमाले तरी कोणी घडवलं? दोस्तांनीच ना?

छप्पन साली आमची माणसं बौद्ध झाली. त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आबा तेव्हा सातवीत, मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात.

गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्या वस्तीवर लादलेलं. बदल्यात खळ्यावरून ज्वारी मिळायची.

आता ते काम करायचं नाही, असं वस्तीत ठरलं होतं. पण घरात दाणा नव्हता. पणजोबा अजून जायचे.

आबांचे तीन दोस्त होते, संपत त्यातलाच एक. चौघांनी मिळून नियम काढला. ज्याचा बाप ढोर ओढील, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही.

शाळेच्या वाटेवर नाही. आट्यापाट्यात घ्यायचं नाही.

आबाही हो म्हणाले. सगळेच हो म्हणत होते, तर हे एकटे नाही कसं म्हणणार?

अन् मग एका मोठ्या घरचा बैल मेला. पणजोबांना बोलावणं आलं.

हे सांगताना आबा हसायचे. "मले धर्माचं काही समजत नोतं तवा. बापाच्या इज्जतीचंही नोतं. संपत उद्या माह्यासंग बोलन का नाही, येवढंच डोक्यात."

भरदुपारी अंगणात दोर पडला होता. आबांनी चुलीतला निखारा आणला अन् दोर पेटवून दिला.

तिन्ही दोस्त कुडाच्या मागून पाहत होते.

पणजोबा घरातून बाहेर आले. ढोर ओढायचा दोर त्यांच्या खांद्यावरच.

जळत होता तो विहिरीचा दोर. पणजीनं वाळू घातलेला.

"अबे लेका," पणजोबा म्हणाले, "तुह्या मायले आता पानी काय डोक्शानं काढून देशीन?"

कुडामागं पोरं फिसकन हसली.

आबा रडायला लागले. पण बापाच्या वाटेतून हलले नाहीत.

पणजोबांनी पोराकडं पाहिलं. कुडाकडं पाहिलं. मग खांद्यावरचा दोर उतरवला अन् त्याच आगीत टाकला.

पाण्यासाठी दोर संपतच्या घरून मागून आणला.

त्या साली खळ्यावरून ज्वारी आली नाही. आबांची शाळा सुटली. अकोल्याला जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायला लागले. संपतच्या घरचं कसंबसं भागलं; तो शिकत राहिला, मॅट्रिक झाला.

मी कितीदा विचारलं, "आबा, पस्तावा होते काय?"

"पस्तावा कायचा? पण तुह्या दोस्तायनं तुले कोन्ता दोर जाळाले लावला, सांग बरं."

यावर मी फोन ठेवून द्यायचो.

पण एक गोष्ट मला कधीची खात होती. आबांनी दोर जाळला नसता, तर हे दोस्त खरंच बोलले नसते? आयुष्यभर?

चौघांतले आता संपतआबाच राहिले. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत असतात, पोराजवळ. काल त्यांना फोन लावला. आबांची बातमी त्यांना कळली होती. रडले. मग मी विचारलंच.

 

"बाबू, माहाच बाप आदल्या हप्त्यात ढोर ओढून आलता."

"काय?"

"बाकी दोघायचेही बाप चोरून जात. मी सांगितलं नाही, त्यायनं सांगितलं नाही. ज्याले त्याले वाटे, बाकीचे पक्के आहेत. आपनच कच्चे."

म्हणजे चौघं एकमेकांना भिऊन होते. अन् चौघांचाही नियम चालू होता!

"मंग आबाच एकटे..."

"तोच एकटा खरा निघाला. त्यानं दोर जाळला, अन् आमाले तोंड लपवाले जागा राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मीबी बापाले आडवा झालो. मंग त्या दोघायनंही घरी तेच केलं."

"हे तुमी आबाले काहून नाही सांगितलं?"

"त्याची शाळा सुटली रे. मी मॅट्रिक झालो. कोन्त्या तोंडानं सांगू?"

 आपल्या भांडणात हे कोणाच्या बाजूनं धरायचं? तुमच्या का माझ्या? मला समजून नाही राहिलं, आबा.

संपतआबा म्हणाले, "पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले मी येतो. त्याच्या फोटोसमोर, सगळ्यायपुढं सांगतो."

त्यांना आता एसटी झेपत नाही. पोराजवळ गाडीचे पैसे मागायला लाजतात.

जयभीम, आबा. तुमचा दोस्त येऊन राहिला. त्याचं ऐकून घ्या.

आई, हे वाचलं की नांदगाव पेठेवरून संपतआबांना गाडी करून आण अन् परत सोड. गाडीभाड्याचे साडेतीन हजार पाठवले.