ठसका

लाल मिरच्या कांडून घ्यायला गिरणीत बसले होते. माझ्यापुढची बाई कांडणाऱ्या म्हातारीवर खेकसली, "डोळे आहेत की बटणं? बारीक कर म्हटलं होतं ना?" तिची मैत्रीण कौतुकानं मला म्हणाली, "आमची ही बोलतेच मुळी ठसक्यात."

तेवढ्यात त्या ठसकेबाज बाईचा फोन वाजला. "हो सर. चुकलंच सर. आत्ता पाठवते सर." साहेब समोर नसतानाही मान खाली.

ज्याची भीती वाटते त्याच्याशीही ताठ मानेनं बोलणं, याला मी ठसका म्हणते. हिचा नुसता माज, तोही माणूस बघून केलेला.

म्हातारीनं तिखट पुन्हा यंत्रात ओतलं. धुरळा उडाला, तशा आम्ही तिघीही खोकत बाहेर पळालो. म्हातारी जागची हलली नाही.