व्हिसाचं गाऱ्हाणं

कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि आईने चार पिशव्यांत गुंडाळलेली कोकमाच्या आगळाची बाटली, एवढं सगळं बॅगेत नीट बसवून मी सहार विमानतळावर पोहोचलो, तेव्हा माझ्याइतका व्यवस्थित माणूस त्या रांगेत दुसरा नसावा अशी माझी समजूत होती. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मागून-पुढून चाळला आणि विचारलं, "सर, व्हिसा?" मी ऐटीत वर्क परमिटचा कागद पुढे सरकवला. ती म्हणाली, "हा काम करायचा परवाना झाला. आत शिरायचा व्हिसा पासपोर्टवर असतो, तो संपलाय." मी चष्मा लावून पाहिलं. खरंच संपला होता. कॅनडात बसल्या बसल्या परमिट वाढवून घेतलं, तेव्हा व्हिसाही त्याच्याबरोबर वाढला असं मी धरून चाललो होतो. म्हणजे त्या घरात राहायची मला मुभा होती, पण एकदा उंबरा ओलांडल्यावर परत आत घ्यायला कोणी बांधील नव्हतं. भारतात येताना हे कोणी विचारलं नाही, कारण स्वतःच्या घरी येणाऱ्याला कोण विचारणार?

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. मी, माझी बायको सुप्रिया आणि मुलगी अशा तिघांचा तिथल्या कायमच्या रहिवासाचा, म्हणजे पीआरचा, अर्ज माझ्या नोकरीच्या जोरावर भरलेला होता आणि अजून निकालात निघाला नव्हता. नोकरी गेली की अर्जाचा खुंटाच उपटला जाणार. मी आईच्या बायपाससाठी मुलुंडला आलो होतो. एकुलता एक, त्यामुळे दुसरं कोण येणार? पण तिची साखर काही खाली येईना, डॉक्टर तारीख पुढे ढकलत राहिले आणि माझी रजा काही पुढे ढकलली जाईना. शेवटी भांडुपचे मामा-मामी बघतील असं ठरवून, आईच्या पाया पडून निघालो, आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा दारात हजर झालो.

आईने दार उघडलं, बॅगेकडे पाहिलं. "काय विसारलंस?"

"व्हिसा."

"मगे घेवन जा. खय ठेवलेलंस?"

तिला समजावून सांगता सांगता मला स्वतःलाच नीट समजलं, की माझी वाट लागली आहे. सुप्रियाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. जेवलास का?" इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की ती ओरडली तर प्रकरण तिथेच मिटतं, ती जेवणाची चौकशी करते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. ऑफिसच्या मॅनेजरने पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणून कळवलं. मुंबईतून काम करणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. व्हिसाचा अर्ज मी त्याच दिवशी ऑनलाइन भरला. तो मंजूर झाला की पासपोर्ट मागवून घेतात. तोवर वाट पाहायची.

देवाशी माझे संबंध तोवर चांगल्या शेजाऱ्याशी असावेत तसे होते. येता-जाता मान हलवायची, सणाला ताट द्यायचं, आणि त्यानेही आपल्या घरात फार डोकावू नये अशी अपेक्षा ठेवायची. पण त्या आठवड्यात मीच त्याचं दार सारखं ठोठावू लागलो. सकाळ-संध्याकाळ देव्हाऱ्यासमोर बसून त्याला व्हिसाची प्रक्रिया समजावून सांगायचो. आई पलंगावरून ऐकायची. एकदा म्हणाली, "तेका शिकवतंस कित्या? मामाक बोलवूया. रीतसर गाऱ्हाणा घालूया."

आमच्याकडे कोकणात घरातल्यांच्या वतीने एक वडीलधारा देवासमोर नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतो. तो थांबेल तिथे बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे झालं गाऱ्हाणं. मामा रविवारी आला. धोतर वगैरे काही नाही, अर्धी विजार आणि खांद्यावर टॉवेल. पण नारळ ठेवून उभा राहिला आणि त्याचा आवाज बदलला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या मुलुंडच्या घरात ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत. ह्या झिलाचो तो व्हिसा म्हणतत तो खयतरी अडाकलो हा. ती वाट मोकळी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तिकडे तेची बायल आसा, चेडू आसा. पीआरचो अर्ज घातलेलो आसा. तेका कोणाची नजर लागली आसात, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा." देवासमोर पीआर हा शब्द ऐकून मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"आणि आवशीचा ऑपरेशन होईसर ह्याका हयसून हलवू नको. ती आपल्या पायार चलाक लागली, काय मगे एक दिस ह्याका थांबवू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर लक्षात आलं, की ऑपरेशन होऊन आई चालायला लागेपर्यंत मला इथून हलवू नकोस, याला मी होकार दिला होता. आईची साखर अजून चढलेलीच. ऑपरेशनला दोन महिने लागले असते, तीन लागले असते. आणि इकडे मॅनेजरची मुदत पुढच्या महिनाअखेरीची.

नारळ फुटल्यावर मी मामाला स्वयंपाकघरात गाठलं. "मामा, हे काय मागितलंस? माझी नोकरी जाईल रे."

मामा खोबऱ्याचा तुकडा चघळत होता. "तू व्हय म्हणालस ना?"

"ओघात म्हणालो."

"मगे आता देवाक जावन सांगू काय, भाचो ओघात बोललो म्हणान? गप ऱ्हव. मागितला ता मागितला. आता तेचा तो बघतलो."

मी दोन दिवस मामाशी धड बोललो नाही. पण एक झालं, की आता मागायचं काही उरलं नव्हतं. माझ्या वतीने मागून झालं होतं, तेही माझ्या संमतीने. देवाला शिकवणं बंद पडलं आणि तो सगळा वेळ रिकामा राहिला. मग मी आईचं जेवण हातात घेतलं. तिची लपवलेली गुळाच्या खाजाची पुडी शोधून काढली, सोसायटीच्या गच्चीवर सकाळी तिला हळूहळू फिरवू लागलो. गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात. ती कठड्याला धरून थांबायची आणि बाबांच्या गिरणीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगायची, ज्या मी फोनवर कधी पुऱ्या ऐकून घेतल्या नव्हत्या. साखर उतरू लागली. डॉक्टरांनी तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी घाटकोपरच्या एक बाई बसल्या होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, नवरा आत आयसीयूत. मी दर थोड्या वेळाने फोन काढून व्हिसाचं काही आलं का पाहत होतो. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. "किती बघाल त्यात? आतलं काम डॉक्टर करायलेत. आपल्याला बाहेर बसायचं काम दिलंय, ते तरी धड करावं माणसाने." मग म्हणाल्या, "मी आपली बुद्धवंदना म्हणते मनात. तुम्ही तुमच्या देवाचं म्हणा काही." मला म्हणण्यासारखं एकच येत होतं, व्हय म्हाराजा. तेच म्हणत बसलो.

ऑपरेशन नीट झालं. आईला आयसीयूत हलवलं. आणि माझी खोड काही जाईना. दुसऱ्या दिवशी त्या मजल्यावर फोनला रेंज नाही म्हणून मी खाली गेटापर्यंत गेलो, मेल पाहिलं, काही आलं नव्हतं. वर आलो तर बाकावर ना मामा, ना त्या बाई. मामा औषधं आणायला गेला होता. सिस्टर मला पाहून म्हणाली, "कुठे होता? आई शुद्धीवर आल्या, घाबरल्या होत्या, नळ्या ओढत होत्या. तुमची बहीण होती म्हणून बरं."

मला बहीण नाही.

आत गेलो. आईच्या उशाशी त्या बाई उभ्या होत्या. आईचा हात त्यांच्या दोन्ही हातांत, आणि आई शांत. मला पाहून त्यांनी तो हात अलगद माझ्या हातात दिला, जणू झोपलेलं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर द्यावं. "पेशंटचं कोण आहे म्हणून ओरडायलते. मी म्हटलं, मी आहे," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या. मी मागाहून त्यांना शोधलं, तोवर त्यांच्या नवऱ्याला दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

आई नीट बोलू लागली तेव्हा तिने पहिली गोष्ट सांगितली, "सातेरी इली होती रे. माझो हात धरल्यान." सातेरी म्हणजे आमच्या गावची देवी. मी सांगणार होतो, की त्या घाटकोपरच्या बाई होत्या. तोंड उघडलंही. मग विचार केला, मला तरी नक्की काय ठाऊक आहे? मी तर खाली गेटाशी उभा होतो.

आई काठी न घेता पॅसेजच्या टोकापर्यंत चालून आली, त्या दुपारी व्हिसाच्या कचेरीने पासपोर्ट मागवल्याचा मेल आला. मामा तेव्हा तिच्यामागून चालत होता. मी त्याला मेल दाखवला, तर म्हणाला, "माका इंग्लिश वाचूक येणा नाय. पण काय लिवलाहा ता म्हायत आसा." पासपोर्ट हातात यायला अजून काही दिवस गेले. एक दिवस थांबवू नको असं मागितलं होतंस ना, म्हणून मी त्याला चिडवलं, तर म्हणाला, सरकारी सुट्ट्यो देवाक पण धरूच्ये लागतत.

मॅनेजरच्या मुदतीच्या आत मी कॅनडात कामावर हजर झालो. पीआरचा अर्ज अजून तिथेच आहे जिथे होता. यात योगायोग किती आणि कृपा किती, हे मोजायचं काम माझं नाही. माझ्या मर्जीप्रमाणे त्या सकाळी विमानात बसलो असतो, तर आईचा हात माझ्या हातून तेव्हाच सुटला असता. थांबूनही एकदा सुटलाच, तेव्हा तो दुसऱ्या कोणीतरी धरला. देवासमोर हात जोडतो तेव्हा आता मी मागत नाही असं नाही, सवय जुनी आहे. पण मागून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसतो. त्यालाही काही म्हणायचं असेल.

पोहोचलो त्या संध्याकाळी सुप्रियाने माझ्यासमोर डाळभात ठेवला. मी इतके दिवस तयार केलेली माफी मागायला लागलो. तुझं आणि पोरीचं सगळं पणाला लावलं, एक तारीख बघता आली नाही मला, वगैरे. ती भातावर तूप वाढत होती. ते वाढून झाल्यावर म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी निघतोस म्हणालास ना, तेव्हापासून मला झोप नव्हती. येऊ नकोस, असं म्हणायचं होतं रे तुला. पण आमच्यासाठीच येत होतास, म्हणवेना. रोज दिवा लावताना म्हणायचे, मला जमत नाही, निदान दुसऱ्या कोणीतरी त्याला थांब म्हणावं."