ओठांवरची इंग्रजी

"ताई, तोंड इकडे ठेवा."

मी फळ्याकडे वळून बोलायला लागले की मागच्या बाकावरून एका वयस्क काकांची ही हाक यायचीच. माझ्या इंग्रजीच्या वर्गातली पोरं हसायची. काकांना ती 'तोंड इकडे काका' असंच म्हणायची.

गुजरातेत, पांडेसऱ्याच्या कापडवस्तीत राहत असाल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तरुणपणी धुळ्याकडून आलेली, सगळा जन्म कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात काढलेली. तिथल्या खडखडाटात कानांचा उपयोग नसतो. एकमेकांचे ओठ बघून समजायचं आणि सांगायचं ते ओरडून. काकांचे कान त्यातच निम्मेअधिक गेले. गुजराती, हिंदी, कामापुरती ओडिया ते ओठांवरूनच शिकले होते. इंग्रजीही तशीच जमेल, अशी त्यांची समजूत.

पण ही भाषा ओठांवर फारशी येतच नाही. कागदावर शब्द सुटे सुटे उभे असतात, बोलताना एकमेकांत घुसतात. एखाद्या शब्दावर जोर, बाकीचे तोंडातल्या तोंडात गिळलेले. मी हे समजावलं तेव्हा काका म्हणाले, "गिळायचेच तर लिहितात कशाला?"

पोरं नोकरीसाठी शिकायची, काकांना नोकरी नको होती. लेक इंग्लंडात नर्स, नात तिकडेच जन्मलेली. तिला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं.

"तिच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, ताई," ते म्हणायचे. "लेक मध्ये बसून सांगते. ते उष्टं वाटतं."

दिवाळीला नात येणार म्हणून काकांनी एकच वाक्य धरलं. 'आय ॲम सो हॅपी टू सी यू.' मी 'हॅपी'वर जोर द्या म्हणायचे. काका मात्र पंगतीत वाढावं तसं प्रत्येक शब्दाला सारखंच वाढायचे. मला हसू यायचं, मायाही वाटायची.

दिवाळीनंतर ते पोरांच्या आधी वर्गात येऊन बसले.

"ताई, ती काय बोलली ते मला समजलं. एक शब्द सुटला नाही."

मी खूश झाले. "काय म्हणाली?"

"व्हाय इज ही शाउटिंग ॲट मी."

आईला बिलगून, पण तोंड काकांकडेच ठेवून पोरीने विचारलं होतं, हा माझ्यावर का ओरडतोय? काकांनी आपलं पाठ केलेलं वाक्य खात्यात बोलतात तसं म्हटलं होतं. कान गेलेल्याला आपला आवाज किती चढलाय ते कुठे कळतं?

"मी रागमा नई शे, इतलंबी सांगता उनं नई माले," ते म्हणाले. मी रागात नाही, एवढंही त्यांना सांगता आलं नव्हतं. वर्गात ते अहिराणी बोलले ते त्या एकाच दिवशी.

मग आम्ही हळू बोलायचा सराव सुरू केला. छातीवर तळहात ठेवायचा, तिथे फार थरथरलं की आवाज खाली आणायचा. काही महिन्यांनी काका इतके हळू बोलायला लागले की पोरंच म्हणायची, "काका, जोर से." पण रविवारी फोनवर नात दिसली की ते नुसते हसायचे आणि हात हलवायचे. मी रागावले एकदा.

"अजून थोडं पक्कं होऊ द्या, ताई. पोर परत घाबरायला नको."

खरं तर केव्हाच पक्कं झालं होतं. त्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि काका गेले. फार वाईट वाटलं. असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

दहाव्याला मी घरी गेले. लेक नातीला घेऊन आली होती. आल्यागेल्यांत इंग्रजी बोलणारी मी एकटीच, म्हणून नात मला येऊन चिकटली.

"आजोबांना इंग्लिश येत होतं?" तिने तिच्या भाषेत विचारलं.

"हो. मीच शिकवत होते. छान बोलायचे."

"मग फोनवर माझ्याशी कधीच का नाही बोलले?"

खरं सांगितलं असतं तर त्या पोरीला ते जन्मभर सलत राहिलं असतं. मी तिला जवळ घेतलं.

"त्यांना ऐकायला कमी यायचं, बाळा," एवढंच म्हणाले.