मी लिहून दिलेला दाखला

लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा नव्या कचेरीत वडिलांना कारकुनाची जागा मिळाली आणि आम्ही नांदेड सोडले. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी आईने मला दोनदा आंघोळ घातली, सदऱ्याला इस्त्री केली, नखे पुन्हा पुन्हा तपासली. आम्ही बौद्ध, वर्गात कोणाला नाक मुरडायला निमित्त मिळू नये, एवढेच तिला हवे होते. तो धाक माझ्यात पुढे कोणत्या रूपाने राहिला, हे मला फार उशिरा कळले.

लातूरला रेल्वेने पाणी येत होते, त्या उन्हाळ्यात त्वचारोगाचा डॉक्टर म्हणून मी दर गुरुवारी चाकूरच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण तपासायला जात असे. रांगेत निम्मी माणसे खरजेची. बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या, रात्री वाढणारी खाज. माझ्या सूचना ठरलेल्या होत्या: मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे, कपडे, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवावे. आठ दिवसांनी टँकर येणाऱ्या गावांतली माणसे हे ऐकून मुकाट मान डोलावत.

जवळच्या खेड्यात शाळेची खिचडी शिजवणारी एक बाई तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिचे हात होते तसेच होते.

"मावशी, गोधड्या धुतल्या का?"

"धुतल्या की, साहेब."

"कधी?"

मागची म्हातारी बोलली, "घागरभर पान्यात लेकरं पाजावं का गोधड्या बुडवाव्या, तेवढं सांगा की डाक्टर!" रांग हसली. ते हसू मला लागले.

"औषध मी देईन. आंघोळ ज्याची त्यानेच करायची असते," मी म्हणालो.

तिने पदर सावरला. "साहेब, हेडमास्तर म्हनले, डाक्टरचा कागद आन, तवर चुलीपाशी येऊ नको. मला कामावर घेतलं तवा गावात लई बोलाचाली झाली व्हती. आमच्यातल्या बाईच्या हातचं लेकरं खानार न्हाईत म्हनले. आता कुठं खाऊन राहिलेत. कागदावर नीट लिवा."

'आमच्यातल्या' म्हणजे कोणातल्या, हे मला विचारावे लागले नाही. मीही त्यातलाच, हे मी सांगितले नाही. मी लिहिले: 'अस्वच्छतेमुळे खरूज. बरी होईपर्यंत स्वयंपाकाचे काम देऊ नये.'

दुसरे वाक्य योग्य होते. पहिले खोटे होते आणि ते कोणी मागितलेही नव्हते. खरूज अंगाला अंग लागून पसरते. रोज न्हाणाऱ्यालाही होते. हे मी परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो होतो. तरीही तो शब्द उमटला. तिच्यात आणि माझ्यात अंतर आहे, याची नोंद बहुधा मला कागदावर हवी होती.

पुढच्या दोन गुरुवारी ती आली नाही. तिच्या गावच्या आशा कार्यकर्तीने सांगितले, "शाळेच्या समितीत कागद वाचला, सर. दुसरी बाई ठेवली."

मी मलम घेऊन तिच्या घरी गेलो. पाणी नसेल तर कपडे आठवडाभर पोत्यात घट्ट बांधून ठेवले तरी किडे मरतात, हे तेव्हा सांगितले. ते मला पहिल्या दिवशीही ठाऊक होते. महिन्याभरात तिचे हात नितळ झाले. 'खरूज बरी झाली. ती अस्वच्छतेमुळे नव्हती,' असा नवा दाखला घेऊन मी स्वतः शाळेत गेलो. हेडमास्तरांनी चहा मागवला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अतिशय नम्रपणे विचारले, "साहेब, यातला कोणता खरा धरायचा?"

परतताना तिच्या घरी थांबून मी तिला नव्या दाखल्याची दुसरी प्रत देऊ लागलो. तिने हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. आधी त्यांची नुसती तोंडं व्हती. आता तुमची सही हाय त्यांच्यापाशी."